पहिल्या कार्डाचं लिमिट किती मिळणार, ते आधीच सांगा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्याने नोकरीला लागलेल्या पोरापोरींना मॉलमध्ये, स्टेशनबाहेर, ऑफिसच्या कँटीनजवळ स्टॉल टाकून क्रेडिट कार्डं विकली जातात आणि लिमिटबद्दल, म्हणजे कार्डावर जास्तीत जास्त किती उधारी करता येईल त्याबद्दल, तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो, त्याबद्दल हे पत्र लिहितेय. मी स्वतः बरीच वर्षं बँकेत कर्ज विभागात होते, लिमिट कसं ठरतं हे आतून बघितलंय, म्हणून राहवत नाही.

माझी भाची कराडची, आता पुण्यात खराडीला नोकरीला लागली, हातात पगार २६ हजार. मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा टॅबवर फॉर्म भरता भरता म्हणाला, मॅम तुमचं प्रोफाइल मस्त आहे, लाख-दीड लाख तर आरामात येईल. कार्ड आलं, लिमिट ३० हजार. तिने रडवेल्या आवाजात फोन केला, मावशी माझा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा स्कोर) खराब आहे का गं? आणि मला फोन करायच्या आधी तिने अजून दोन बँकांच्या कार्डांना अ‍ॅप्लाय करून टाकलं होतं.

३० हजार हे लिमिट तिच्या पगाराला अगदी बरोबर होतं, चुकीचा होता तो स्टॉलवरचा आकडा. पहिलंच कार्ड असेल आणि आधी कधी कर्ज घेतलेलं नसेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या एकपट ते दोन-अडीचपट एवढंच धरून चालायचं. २५-३० हजार पगाराला २० हजारांपासून ६० हजारांपर्यंत कुठेतरी बसतं, पगार चांगला जास्त असेल आणि पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर लाखाच्या वरही जातं. रिझर्व्ह बँकेने ह्याचा काही आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँकेचं आपापलं गणित असतं, त्यात पगार, चालू हप्ते, कंपनी कुठली, नोकरी किती जुनी हे सगळं येतं. त्यामुळे एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांना वेगवेगळं लिमिट मिळू शकतं, त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आणि सिबिलचं म्हणाल तर स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याला स्कोरच नसतो, रिपोर्टवर एनएच किंवा उणे १ असं येतं. ते बघून पोरं घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की तुमची काही नोंदच नाही. गावातला किराणावालासुद्धा नवीन माणसाला पहिल्या महिन्यात तेल-साखरेपुरतीच उधारी देतो, पैसे वेळेवर आले की मग वही मोठी होते, बँकेचंही तसंच. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी कार्डाच्या उधारीचं रिस्क वेट १२५ वरून १५० टक्के केलं, म्हणजे ह्या उधारीमागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, मग नवीन माणसाला देताना हात आखडणारच ना.

खरं नुकसान होतं ते खोट्या अपेक्षेमुळे. लिमिट कमी आलं म्हणून पोरं चार ठिकाणी अर्ज टाकतात आणि प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते, थोड्या दिवसांत अशा खूप चौकशा दिसल्या की बँकेला वाटतं ह्याला पैशाची फारच नड आहे. (स्वतःचा स्कोर स्वतः बघितला तर काही कमी होत नाही, उलट सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, म्हणजे ब्युरोंकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवाच.) दुसरं म्हणजे दीड लाख मिळणार असं धरून खरेदी आधीच ठरलेली असते. ३० हजारांच्या कार्डावर २५ हजारांचा फोन ईएमआयवर घेतला की जवळजवळ सगळं लिमिट अडकलं, हप्ते फिटत जातील तसं हळूहळू सुटणार, आणि तोपर्यंत ब्युरोला दिसत राहतं की हा माणूस कार्ड गळ्यापर्यंत वापरतोय. लहान लिमिटवर वापर तीसेक टक्क्यांच्या आसपास ठेवला तर बरं, म्हणजे ३० हजारांवर ९-१० हजार, आणि मोठा खर्च झालाच तर बिलाची वाट न बघता मधेच पैसे भरून टाकायचे. आता १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी तरी ब्युरोकडे माहिती पाठवायची आहे, त्यामुळे भरलेलंही लवकर दिसतं.

बिलावर मिनिमम ड्यू, म्हणजे ह्या महिन्यात निदान एवढं तरी भरा, म्हणून जो आकडा असतो त्याबद्दलही कोणी नीट सांगत नाही. समजा ३० हजार बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १०५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. ह्या महिन्यात १५०० भरले तर मुद्दलातून फिटले जेमतेम २६१. लहान लिमिटसुद्धा असं वर्षानुवर्षं मानेवर बसू शकतं. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहक आयोगाचा कार्डाच्या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा जुना निकाल रद्द केलाय, त्यामुळे तो आधारही राहिला नाही. पूर्ण बिल भरता येईल तेवढंच कार्ड घासायचं, ह्याला दुसरा उपाय नाही.

ज्यांना पगाराची स्लिपच नाही, शिकणारी मुलं, घरगुती काम करणाऱ्या बायका, छोटा धंदा करणारे, त्यांनी एजंटच्या मागे न लागता एफडीवर मिळणारं कार्ड घ्यावं असं मला मनापासून वाटतं. २० हजारांची एफडी ठेवली तर बँकेप्रमाणे साधारण १५ ते २० हजार लिमिट मिळतं, एफडीचं व्याज चालूच राहतं आणि वेळेवर भरत गेलं की स्कोर तयार होतो.

आता माझी मागणी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अर्जासोबत व्याज आणि चार्जेस सांगणारं एक पानाचं पत्रक द्यावं लागतं, अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यावं लागतं, तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवताही येत नाही. एवढं सगळं आहे तर मग त्याच पत्रकावर "तुमच्या पगाराला अंदाजे इतकं ते इतकं लिमिट" ही एक ओळ अर्ज भरायच्या आधी छापायला काय हरकत आहे? बँकेकडे हा हिशोब असतोच. आणि स्टॉलवरचा मुलगा जो आकडा तोंडी सांगतो तो त्याने अर्जावर लिहून द्यावा, नाहीतर सांगूच नये. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कार्डामागे पैसे मिळतात, पण बँकेने त्याच्या बोलण्याची जबाबदारी घ्यायलाच पाहिजे.

तोवर ज्यांना आलेलं लिमिट पटत नाही त्यांच्यासाठी एक सांगते, कार्ड चालू करायची सक्ती नाही. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती मागावी लागते, ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत एक पैसाही न घेता कार्डाचं खातं बंद करावं लागतं. तरीही चार्ज लावला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस ह्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा