या खेपेला गाडी नको

गिरगाव, मुंबई

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी अकरा ठिकाणांची यादी मिळाली. ती वाचून मागची खेप आठवली. दिवसभरासाठी गाडी केली होती आपण. निम्मा दिवस सिग्नललाच गेला, बाळाला दोनदा उलटी झाली आणि गेटवेपाशी पोचलो तेव्हा तो माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. काय पाहिलं त्याने? या खेपेला गाडी नको. चालू या.

घारापुरी मी यादीतून काढली आहे. लाँचने जायला तास, यायला तास, वर लेण्यांपर्यंत पायऱ्या. त्यातच अर्धा दिवस संपेल. सिद्धिविनायक आणि जुहूसुद्धा पुढच्या वेळी. राग मानू नकोस, दोनच दिवस आहेत आणि पाय बाळाचे आहेत.

शनिवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने उतरलात की सीएसएमटीलाच मेट्रो घ्या. मधे एक काळबादेवी, की आलं गिरगाव. जेवून सगळ्यांनी झोपायचं.

पाचच्या आत मात्र घर सोडायचं. चौपाटी आपल्याला जवळ, म्हणून तू थेट तिकडेच जाऊ म्हणशील. पण डिसेंबरात चौपाटीवरून पाहिलं तर सूर्य मलबार हिलच्या मागे जातो. चर्चगेटच्या बाजूला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलं, तर सहाच्या सुमारास तो उघड्या समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात तिथूनही टेकडीआड जातो. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडण्याआधी दहा मिनिटं मी त्या कट्ट्यावर बसायचे, म्हणून हे मला ठाऊक. दिवे लागायला लागले की उठायचं आणि पाण्याच्या कडेकडेने चौपाटीकडे निघायचं. दोनेक किलोमीटर आहे, पण रस्ता असा वळत जातो की दिव्यांची अख्खी माळ सतत समोर दिसत राहते. बाळ दमला तर बसायला कट्टा सगळीकडे आहे. चौपाटीवर भेळ, आणि तिथून घर चालत.

रविवारी सकाळी लवकर एवढी एकच टॅक्सी, गेटवेपर्यंत. गेटवेचं तोंड पूर्वेला, बंदराकडे. तिथे सकाळच हवी. बाळाला सांग, १९२४ मध्ये ही कमान पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण इथूनच बोटीत बसून गेली. शाळेतल्या धड्यापेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील. मग काळा घोड्यावरून ओव्हल मैदान. रविवारी फोर्टातली ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, मूल हात सोडून चालू शकतं. मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधवलेला, १८७८ चा. दुसऱ्या अंगाला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. मधे पोरं क्रिकेट खेळत असतील. तिथे घाई करू नका, बाळाला हवं तेवढा वेळ बघू दे.

शेवटी हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. तुझे आजोबा त्या मोर्चात होते, वीस वर्षांचे. घरी ते त्याबद्दल कधी फार बोलले नाहीत, पण फोर्टात आले की तिथे चप्पल काढून उभे राहायचे. मीही तिथे थांबत आले. तुला मात्र एकदाही नेलं नाही गं, नेहमी लोकलची घाई. आता दोघांना नेणार आहे. मेट्रोचं स्टेशन तिथेच आहे, जेवायला घरी येऊ.

बाळाला नवे बूट घेऊ नकोस, पायात बसलेलेच आण.

तुझी,
आई