गुरुवारी दारात गाडी येणार आहे

लातूर,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. वि. वि. तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी एकदाही पत्र लिहिले नाही, आणि फोनवर जे बोललो ते दूरच्या नातेवाइकाने बोलावे तसे बोललो, याची मला लाज वाटते. वहिनींनी जूनमध्ये पाठवलेल्या निरोपाचे उत्तरही राहून गेले. येथे सर्व ठीक आहे. आईला ऐकू येणे आणखी कमी झाले आहे आणि माझी साखर गोळीवर थांबलेली आहे. पाऊस थांबण्याचे नाव घेत नाही. मांजरेला पूर आहे, सोयाबीन पाण्यात उभे आहे, आणि ज्या शहराला एके काळी आगगाडीने पाणी आणावे लागले त्या शहरात मी दोन दिवस रेनकोट वाळवण्यासाठी कोरडी जागा शोधत आहे.

पत्रास कारण की, आमच्या चिरंजीवांनी, ओंकारने, माझ्या नावावर मोटार घेतली आहे. घटस्थापनेच्या दिवशी लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच संध्याकाळी त्याने पैसे भरल्याचे फोनवर सांगितले. दसऱ्याला, म्हणजे येत्या गुरुवारी, ती दारात येईल. रंग पांढरा आहे, एवढेच मला कळले आहे. "तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारले नाही," असे तो म्हणाला. त्याच दिवशी सायकलीवरचा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते मी वर्तमानपत्रात वाचले आणि कात्रण काढून ठेवले.

आता हसून घे. २०११ साली तू पहिली गाडी घेऊन लातूरला आलास तेव्हा गंजगोलाईत हातगाड्यांमध्ये अडकलास. मी सायकलवरून कापड लाईनीत जाऊन वहिनींसाठी खण घेतला, भुसार लाईनीतून पाच किलो तुरीची डाळ घेतली आणि परत आलो, तरी तू तेथेच हॉर्न वाजवत होतास. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांतला एकही तुझ्यासाठी मोकळा नव्हता, असे मी वहिनींसमोर म्हणालो. रात्री जेवताना तू उत्तर दिलेस की माझी काटकसर आता काटकसर राहिलेली नाही, ती मिरवण्याची वस्तू झाली आहे. त्यानंतर दोन वर्षे आपण फक्त दिवाळीला बोललो. तुझे बरोबर होते असे मी आजही लिहून देणार नाही, पण ते वाक्य मला या दोन महिन्यांत अनेकदा आठवले.

सायकल १९९१ सालची आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षातली, आणि ती घ्यायला तूच माझ्याबरोबर आला होतास. ज्या कंपनीची ती आहे त्या ॲटलासचा शेवटचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, पण माझी ॲटलास चालू आहे. तीन वेळा फ्रीव्हील बदलले, कॅरियर दोनदा वेल्डिंग करून घेतला, टायर-ट्यूब किती झाल्या त्याचा हिशेब नाही. बहिणींची लग्ने आणि घराचा हप्ता होता तोवर मोटार परवडत नव्हती, हे तुला ठाऊक आहे. पुढे परवडू लागली तेव्हा मी घेतली नाही, आणि का घेतली नाही याची कारणे मी दरवर्षी नवी सांगत आलो. खरे कारण मला इतकेच दिसते की या घराला जे जे लागले ते माझ्या कॅरियरवरून आले याचा मला फार मोठा आनंद होता. दळण जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून आणायचे, म्हणजे पिशवी घसरत नाही. सिलिंडर घरपोच मिळत नव्हता तेव्हा गोदामातून तीस किलोचे ते धूड उभे बांधून आणायचे आणि चढावर उतरून ढकलायचे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आंबिलीचा डेरा घेऊन नऊ किलोमीटरवरच्या शेतात जायचे, आणि डेऱ्याच्या तोंडाला फडके बांधूनही अर्धी आंबील पायजम्यावर घेऊन पोचायचे. आईला डबलसीट बसवून बँकेत नेणे तीन वर्षांपूर्वी बंद झाले. आता ती रिक्षाने जाते आणि मी मागून सायकलवर पोचतो, याला ती "मंत्र्याच्या गाडीमागची गाडी" म्हणते.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही.

ऑगस्टमध्ये औशाला ओंकारचा साखरपुडा झाला. तू गुडघ्यामुळे आला नाहीस, नाहीतर तूच मला वेळीच गप्प केले असतेस. जेवणे झाल्यावर व्याही आणि त्यांचे भाऊ बसले होते, आणि मी नेहमीप्रमाणे २०१६ ची गोष्ट काढली. ती मी किती वेळा सांगितली असेन ते तुला ठाऊक आहे, तूच ती चार वेळा ऐकली आहेस. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावले होते, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरवरून आलेले, आणि आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. अशा दिवसांत शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मळ्यातल्या बोअरवरून मी आणि ओंकार दोन सायकलींवर रोज पाणी आणत होतो. एका सायकलीवर चार घागरी, प्रत्येकीत पंधरा लिटर, म्हणजे साठ किलो. एवढे वजन घेऊन सायकल चालवता येत नाही, तिच्याबरोबर चालावे लागते. घागर काठोकाठ भरली तर ती शांत राहते, पण चार बोटे रिकामी राहिली की आतले पाणी हेलकावे घेते आणि पुढचे चाक हातातून निसटू पाहते. म्हणून प्रत्येक घागरीत कडुनिंबाची एक डहाळी टाकायची, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. ही सगळी विद्या मी त्याला शिकवली, असे मी त्या बैठकीत छाती फुगवून सांगितले.

आणि मग मी ती गमतीची जागा सांगितली. एके दिवशी ट्यूशनच्या भागातून येताना त्याच्या सायकलीची पट्टी तुटली, एक घागर रस्त्यावर पडली, पाणी सगळे वाहून गेले, आणि बारावीतला हा उंच मुलगा मटकन खाली बसून रडू लागला. पंधरा लिटर पाणी गेले, त्यातले थोडे याने डोळ्यांतून परत दिले, असे मी म्हणालो. सगळे हसले. ओंकार उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटले, फोन आला असेल.

रात्री परत आल्यावर हिने मला अंगणात गाठले आणि फक्त एवढेच विचारले, "ते तुम्हाला अजूनही कळले नाही?" दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले. तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपे गेले असते. तो म्हणाला, "बाबा, सीईटीचा वर्ग त्याच वेळी सुटत होता. तुम्हाला रस्त्यावर पाणी दिसले, मला माझा सगळा वर्ग दिसला. आणि तुम्ही त्या सगळ्यांसमोर ओरडलात की शिकवणीची फी पुन्हा भरता येईल, हे पाणी पुन्हा मिळणार नाही." दत्ता, मी असे म्हणालो होतो. माझ्या गोष्टीत ते वाक्य कधीच नव्हते, पण त्याने उच्चारताच मला माझा आवाज ओळखू आला. त्यानंतर महिनाभर तो मळ्यातून येताना लांबच्या रस्त्याने येत असे. मी समजत होतो की पोराने चढ टाळण्याची युक्ती शोधली आहे, आणि तेही मी लोकांना कौतुकाने सांगत होतो.

आता ही मोटार. ती आजीसाठी आहे असे तो म्हणतो, आणि आजीला तिची गरज आहे हे खोटे नाही. पण मला ती त्या घागरीची भरपाई वाटते, आणि कोणी कोणाची केली आहे हे मला उलगडत नाही. मी हट्टाने नको म्हणालो तर तो समजेल की मला ती गोष्ट अजून विनोदी वाटते. मुकाट्याने किल्ली घेतली तर तो समजेल की सायकलीवरची सगळी वर्षे चूक होती हे मी मान्य केले, आणि तेवढे मान्य करायला मी तयार नाही, कारण चौतीस वर्षांत या घराचे एकही दळण ओले झालेले नाही. शिवाय मला गाडी चालवता येत नाही, परवाना नाही, आणि रविवारी तो पुण्याला परत गेला की ती दारात उभी राहणार. काल मी टेपने जागा मोजली. गाडी लावली तर फाटक अर्धेच उघडते आणि सायकल आडवी करून बाहेर काढावी लागते. हिने पहिली फेरी तुळजापूरची ठरवून टाकली आहे. आईच्या कानाजवळ जाऊन मी ओरडून सांगितले की ओंकारने मोटार घेतली, तर तिने विचारले, "त्यात दळण मावतंय का?"

हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. आठवीत असताना तू पहाटे तुझ्या वडिलांचे, अण्णांचे, दूध घालून थेट शाळेत येत होतास, सायकलीच्या दोन्ही बाजूंना किटल्या असत. काही दिवसांनी तू ती सायकल पंक्चरवाल्या चाचांकडे ठेवून पुढचा रस्ता पायी येऊ लागलास. मी ते शोधून काढले आणि प्रार्थना सुटल्यावर सगळ्या वर्गासमोर "दूधवाले आले" अशी आरोळी ठोकली. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि नंतर बोलू लागलास तेव्हा तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. सायकलीवर ओझे वाहण्यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला तेव्हा कळत नव्हते. माझ्या वडिलांच्या सायकलीवर फक्त टिफिनचा डबा असे, हे मला आता लिहिताना सुचते आहे.

तेव्हा मला एवढेच सांग. अण्णांना ते कळले होते का? कळले असेल तर ते तुला काय म्हणाले? आणि ते काही म्हणाले नसतील, तर त्यांनी काय म्हणावे असे तुला वाटत होते? तू त्यांना पुढे ट्रॅक्टर घेऊन दिलास तेव्हा ते त्यावर बसले की नाही, हे मी कधी विचारलेच नाही. गुरुवारच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडले तरी तुझे उत्तर माझ्या हाती पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी ओवाळणीचे ताट धरून उभा राहीन, आपट्याची पाने देईन आणि त्याने बसायला सांगितले तर शेजारी बसेन. पण लग्न डिसेंबरात आहे, आणि तोवर मला त्याच्याशी बोलायचे आहे. फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस आणि विषय वाहून जातो.

मृणालचे कॅनडात बस्तान बसले का? तुमच्या सोसायटीच्या पाण्याचे भांडण मिटले का? वहिनींना नमस्कार. लग्नाला चार दिवस आधी या, काठी घेऊन आलास तरी चालेल.

कळावे, लोभ आहे तो असाच असावा.

तुझा,
विठ्ठल

ता. क. १९९१ साली तू माझ्याकडून नेलेला हवा भरण्याचा पंप अजून तुझ्याकडेच आहे. डिसेंबरात येताना तो घेऊन ये. माझ्या पंपाचे वॉशर गेले आहे आणि तसले वॉशर आता गोलाईत मिळत नाही.