दरीसारखी दिसते, एवढेच?

मा. संपादक,
स. न.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील गिल्डर सेंटरवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. पण २०२३ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीचे कौतुक ‘दरीसारखी दिसते’ यावरच आटोपले, हे खटकले. दरीसारखी तर नाटकाच्या नेपथ्यातली थर्माकोलची भिंतही दिसते!

वाऱ्यापाण्याने खडक कोरून पोकळ्या व्हाव्यात, तशी आतली रचना वास्तुविशारद जीन गँग यांनी कल्पिली. पाणी वाट काढते; इथे ती माणसांसाठी काढली आहे. संग्रहालयाला वर्षानुवर्षे एकेक इमारत जोडत गेल्याने काही दालने पुढे जायला रस्ताच नसल्यासारखी संपत. नव्या बांधकामाने १० इमारती सुमारे ३० ठिकाणी जोडल्या. माझ्या लेखी खरी करामत ही.

बांधणीची हकिगत तर त्याहून रंजक. साच्यात काँक्रीट ओतण्याऐवजी सळयांच्या जाळीवर ते दाबाने फवारले आणि पृष्ठभाग हाताने घोटला. त्यावर वेगळे आवरण नाही, दिसते तेच भार पेलते. या तंत्राचे मूळ असलेली ‘सिमेंट गन’ बनवली कार्ल एकेली यांनी. मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने तयार करणारे हे गृहस्थ पुढे याच संग्रहालयात काम करत होते. आफ्रिकी सस्तन प्राण्यांचे दालन आजही त्यांच्या नावाने आहे. लेखातून हे निसटावे, याचे नवल वाटते.

दोहाचे राष्ट्रीय संग्रहालय (२०१९) याच्या उलट. वाळूत खारे पाणी आटून जिप्समचे पाकळ्यांसारखे स्फटिक बनतात, त्यावरून जाँ नूव्हेल यांनी एकमेकींत घुसलेल्या तबकड्या रचल्या. रूप विलक्षण, पण भार पेलतो आतला पोलादी सांगाडा. स्फटिक वाढण्याच्या क्रियेशी बांधणीचा संबंध उरत नाही.

गिल्डर सेंटरबद्दलही एक प्रश्न आहेच. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना खडकात लाखो वर्षे कोंडलेला कार्बन हवेत जातो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. भूगर्भाचे गोडवे गाणाऱ्या इमारतीला हा हिशेब विचारायला हवा. लेखमालेच्या पुढच्या भागात तो छायाचित्रांशेजारी छापावा, ही विनंती.

– आपला एक वाचक