स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी आवाजांना

संगणक शिकवणाऱ्या छोट्या चित्रफितींचे धडे बनवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी भाषांतर करणाऱ्या आणि आवाज देणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

धडा संपताना ‘सहभागाबद्दल धन्यवाद’ असं दर वेळी तुम्हीच म्हणता. खरं तर हे आभार शिकणाऱ्यांकडून तुमच्याकडे यायला हवेत, म्हणून हे पत्र.

‘प्रोग्रामिंग कुठून शिकू?’ असं कुणी विचारलं की सी, जावा की पायथन, कुठली भाषा हा मुद्दा आम्ही मागे ठेवतो. आधी यंत्र कुठलं आहे, रोज सलग किती वेळ मिळतो, नेट टिकतं का आणि इंग्रजी ऐकून कळतं की फक्त वाचून, एवढं विचारतो. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला लोक लाजतात. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणांना पडद्यावरचं इंग्रजी वाचता येतं, पण भराभर बोललेलं निसटतं. त्यांच्यासाठी आवाज मराठी आणि पडदा इंग्रजी ही तुमची जोडी अगदी नेमकी आहे. ‘फंक्शन’चं तुम्ही ‘कार्य’ केलं नाहीत हे फार बरं झालं. चूक झाली की कंपायलरच्या (आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या) संदेशात फंक्शन हाच शब्द दिसतो, तो कानावरून आधी गेलेला असला की माणूस घाबरत नाही.

हे काम किती अवघड आहे याचीही कल्पना आहे. चित्रफीत मूळ इंग्रजी बोलण्याच्या वेगानं पुढे सरकते आणि मराठीत क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. पडद्यावर क्लिक होऊन जातं, तुमचं ‘क्लिक करा’ अजून यायचंच असतं! तरीही धडे ऐकताना धावपळ जाणवत नाही.

धडा साधारण १० मिनिटांचा असतो, पण तो नुसता पाहायचा नसतो. अर्ध्या पडद्यावर चित्रफीत, उरलेल्या अर्ध्यात आपलं काम. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि डावा बाण दाबला की खिडकी अर्ध्यात बसते. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, टाइप करायचं, चालवून पाहायचं. अशानं १० मिनिटांना अर्धा-पाऊण तास लागतो आणि लागलाच पाहिजे. दुकान बंद केल्यावर किंवा मुलं झोपल्यावर तेवढाच वेळ हाती असलेल्यांना हे माप जमतं. तासाभराचं व्याख्यान त्यांच्याकडून अर्ध्यावर सुटतं. धडे एकदा उतरवून घेतले की नेट गेलं तरी अडत नाही, आणि ते खुल्या परवान्याखाली, म्हणजे वाटायची मुभा देऊन, ठेवलेले असल्यानं पेनड्राइव्हवरून पुढे द्यायलाही हरकत नाही.

सीची मालिका आम्ही सर्वात जास्त सुचवतो, त्यामागे एक जुनं दुखणं आहे. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत अजून टर्बो सी या फार जुन्या कंपायलरची निळी खिडकी चालते. तिथं ‘कोनिओ’ नावाची हेडर फाइल (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल) आणि पडदा पुसायचं ‘क्लीअर स्क्रीन’ इतकं अंगवळणी पडतं, की जीसीसी या दुसऱ्या कंपायलरनं ‘अशी फाइल सापडत नाही’ म्हटलं की मुलांना आपलाच प्रोग्राम चुकला असं वाटतं. त्या दोन ओळी काढून टाकल्या की बहुतेकदा काम भागतं. तुमचा पहिलाच धडा उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) जीसीसीनं चालतो, त्यामुळे ही सवय लागतच नाही. तरी एक ठेच हमखास लागते: प्रोग्राम चालवताना तयार झालेल्या फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायला विसरतात आणि ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. लिनक्स चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही, म्हणून ते टिंब.

हा मार्ग सगळ्यांना चालत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. हाती फक्त मोबाइल असेल तर अर्धा पडदा कुठून आणायचा? अशांना आम्ही पायड्रॉइड या मोबाइल अ‍ॅपवर पायथन, आणि ओळी आधी वहीत लिहून काढायला सांगतो. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो तेवढं बंद करायचं, नाहीतर ‘प्रिंट’सुद्धा पायथनला अनोळखी होतो. पीडीएफमधून ओळी उचलल्या तर वळणदार अवतरणचिन्हं येतात, तीही चालत नाहीत. विंडोज ७ चा जुना लॅपटॉप असेल तर पायथनच्या ३.८ या आवृत्तीपुढे जाता येत नाही. सुरुवातीला तेवढं पुरतं. आणि पायथनच्या जुन्या धड्यात ‘प्रिंट’पुढे कंस दिसला नाही, तर तो पायथन २ चा समजावा. त्या आवृत्तीला मिळणारा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

कुणी मागे लागल्याशिवाय हातून काही होत नाही, असा स्वभाव असेल तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रम, बरं. तिथं दर आठवड्याला ठरलेल्या तारखेच्या आत स्वाध्याय द्यायचा असतो. तुमचा आवाज कितीही गोड असला तरी तो रागावत नाही ना!

जाता जाता एक मागणं. सीच्या धड्यांतला पडदा उबुंटूच्या ११.१० या जुन्या आवृत्तीचा आहे. २२.१० पासून जीएडिट (धड्यात प्रोग्राम लिहायला वापरलेला एडिटर) उबुंटूसोबत आपोआप येत नाही, त्यामुळे नवा माणूस तुमच्यामागून तो उघडायची आज्ञा देतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो. ‘जीएडिट नसेल तर यंत्रातला टेक्स्ट एडिटर उघडा आणि फाइल त्याच फोल्डरमध्ये जतन करा’ एवढं एक वाक्य मराठीत कुठे जोडता आलं तर पाहावं.

कळावे, लोभ असावा.

नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवणारे आम्ही काही जण