पीकपाहणीतलं 'खुद्द'

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तू केलेला वंशावळीचा तक्ता मिळाला. पणजोबांच्या चौकटीत बरंच काही भरलंस, पणजीच्या चौकटीत नुसतं 'पत्नी'. तू तरी काय करणार, कागदच तसे आहेत. मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या नकला काढतोय, त्यात माझे आजोबा पानोपानी सापडतात. आजी मात्र जिथे काहीतरी बिनसलं तिथेच दिसते.

आजोबांपर्यंत पोचायची वाट सरळ आहे, फक्त वळणं माहीत हवीत. मोबाइलवर जो सातबारा दिसतो त्यावर गट नंबर असतो. जुने कागद सर्व्हे नंबरावर चालतात. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने शेतांचे गट पाडले, म्हणून आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून मागचा सर्व्हे नंबर शोधावा लागतो. (हे सर्व्हे नंबर म्हणजे आपल्या इंदापूर तालुक्याचं खास प्रकरण बरं का. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपली मोजणी-आकारणीची पद्धत 1836 मध्ये पहिल्यांदा इथेच लावली.) सर्व्हे नंबर हाती आला की जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात लिहिलेला आकडा बघायचा. तो फेरफाराचा नंबर. तो धरून गाव नमुना 6 उघडायचा. जमीन कुणाकडून, कुणाकडे आणि का गेली ते तिथे कळतं.

जुना गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, गावात त्याला कोतवाल बुक म्हणतात. आपल्या गावचं जुनं बुक मोडी लिपीत आहे, तेव्हा वाचणारा गाठावा लागला. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. कक्षात माझ्या शेजारी बसलेले सगळे ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीच्या नोंदीतला जातीचा रकाना बघत होते आणि मी एका बाईचं नाव. त्या बुकात 1918 चा पावसाळा संपल्यानंतरची पानं येतात तेव्हा वाचणाऱ्याचाही आवाज भरभर व्हायला लागला, कारण ओळीमागून ओळ कारण एकच, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ. आजोबांचे वडील आणि थोरला भाऊ त्याच पानावर आहेत. पोरवयात घराचा कर्ता होणं म्हणजे काय ते मला त्या पानावर समजलं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आता आजी. आजोबा चाळीसच्या दशकात गेले. वारसाचा फेरफार झाला तेव्हा माझे वडील लहान होते, म्हणून त्यांच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' असं लिहून आजीचं नाव आलं आहे: तिचं स्वतःचं, नवऱ्याचं, आडनावासकट. अज्ञान मुलाची पालनकर्ती, एवढ्याच नात्याने. विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस धरून पूर्ण मालकी देणारा हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याला अजून अवकाश होता. जमीन एका चड्डीतल्या पोराची आणि ती त्याची राखण.

पण त्याच सर्व्हे नंबरचा नमुना 12 बघ, म्हणजे पीकपाहणी. सोबत फोटो पाठवलाय. त्यात जमीन कसणाऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे, 'खुद्द'. कूळ नाही, वाटेकरी नाही. खातेदार पाटीवर अक्षरं गिरवतोय, मग हा खुद्द कोण? तलाठ्याने न लिहिता लिहून ठेवलंय. पुढे इतर हक्कांच्या रकान्यात तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा, बोजा चढतो, मग पाण्याच्या साधनापुढे 'विहीर' येतं, आणि नुसत्या ज्वारीच्या खाली हरभरा आणि थोडा गहू दिसायला लागतो. काही वर्षांनी बोजा उतरतो. आजोबांच्या नावावरच्या सगळ्या नकला एकीकडे आणि हा एक उतारा एकीकडे ठेवला तर मी हा उचलीन.

वडील सज्ञान झाल्याचा फेरफार आला आणि आजीच्या नावाला कंस पडला. हक्क संपला की नाव कंसात घालायची ही महसुलाची रीतच आहे. कायद्याने बरोबर. तरी मला ते बघवलं नाही.

तिचा जन्म शोधायला तिच्या माहेरच्या गावचं बुक बघितलं. तिथे बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी'. अशा त्या बापाला चार मुली झालेल्या दिसतात, नाव एकीचंही नाही. त्यातली आपली कोणती ते ठरवता येत नाही, म्हणून तक्त्यात तिच्या जन्मापुढे साल घालू नकोस. मृत्यूच्या नोंदीत वय 60 आहे, पण जुन्या नोंदींमधली अशी गोल वयं अंदाजाचीच धरायची. माझ्या वडिलांचा शाळेतला 1 जूनही तसाच मास्तरांचा. तोही खरा समजू नकोस.

पुढच्या महिन्यात तू नाशिकला जाणार आहेस ना? मग रामकुंडावर आपल्या भागाच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन ये. त्यांच्या वह्या गाव, आडनाव, जात यांवरून लावलेल्या असतात. मूळ गाव सांगितलंस की ते बरोबर वही काढतील. आजी सिंहस्थाला गेली होती असं आत्या म्हणायची. कोणत्या सिंहस्थाला ते तिलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा मागच्या पानांपासून चाळायला सांग. बरोबर कोण आलं होतं तेही या वह्यांत पुष्कळदा लिहून ठेवतात, म्हणून आजीचीच ओळ न उतरवता अख्ख्या पानाचा फोटो घे, आणि तो त्यांना विचारूनच घे. दक्षिणा माझ्याकडून.

तुझा,
बाबा