जर्मनीला एका सत्रासाठी जाणाऱ्यांना सूचना
मंडळी, हिवाळी सत्रासाठी जर्मनीला निघालेल्यांनी हे नीट वाचा. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास मात्र साधारण महिन्याच्या मध्यावर. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. घरमालकाच्या सहीचा कागद लागतोच.

पूर्ण सत्र म्हणजे ३० ईसीटीएस (युरोपातली अभ्यासाचा भार मोजायची पद्धत) क्रेडिट. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या पेपरला धरणार, हे विभागप्रमुखांकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबले आणि परत आल्यावर माझं एक प्रात्यक्षिक पुन्हा करावं लागलं, फार जीव तुटला.

रसायनशास्त्रवाल्यांनो, प्रयोगशाळेचा कोट सुतीच घ्या. पॉलिस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. कागदपत्रं अडली असतील त्यांनी रविवारपर्यंत मला कळवा, मिळून बघू.