वाइनच्या बातमीत द्राक्षाचा भाव कुठे असतो?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हंगाम लागल्यापासून आपल्या अंकात नाशिकच्या वाइनबद्दल बऱ्याच बातम्या आल्या. द्राक्षं तुडवायला मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकांची बातमी (रंगीत फोटोसह), शनिवार-रविवारी गंगापूर रोडला होणाऱ्या गर्दीची, एका कंपनीच्या तिमाही निकालाची. आमच्या घरात हिशोबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे वाइनचं काही दिसलं की मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते. या सगळ्या बातम्यांत एक आकडा मात्र मला सापडला नाही. यंदा वाइनच्या द्राक्षाला किलोमागे भाव काय मिळाला?

आपल्या बाजारभावाच्या रकान्यात लासलगावचा कांदा असतो, पिंपळगावचा टोमॅटो असतो, खायच्या द्राक्षाचा भावही हंगामात येतो. वाइन बनवणारी सुला कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली, ३५७ रुपयांना शेअर दिला गेला, आणि तेव्हापासून तो शेअर किती वर गेला नि किती खाली आला हे घरबसल्या कळतं. ज्या द्राक्षावर हा सगळा डोलारा उभा आहे त्याचा भाव मात्र बागाईतदार, वायनरी म्हणजे वाइनचा कारखाना, आणि त्यांचा बागा पाहणारा फील्डमन एवढ्यांनाच ठाऊक. शेजारच्या बागेला काय दर दिला हे आम्हालाही कळत नाही, आणि विचारलं तर शेजारीही सांगत नाही. त्यालाही पुढच्या वर्षी माल द्यायचाच असतो.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. बरीचशी थॉमसन आणि थोडी सोनाका, या खायच्या द्राक्षाच्या जाती, आणि एका तुकड्यात शिराझ व शेनिन ब्लांक, म्हणजे वाइनची. शहरातल्या वाचकांना वाटतं द्राक्ष ते द्राक्ष, कोणालाही विकावं. तसं नाही. थॉमसनचा माल चांगला झाला तर एक्स्पोर्टला जातो, नाही जमलं तर लोकल व्यापारी नेतो, तेही फसलं तर बेदाणा करता येतो. पैसे कमी येतील, पण माल रस्त्यावर टाकावा लागत नाही. शिराझचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. असा घड मार्केटमध्ये कोण घेणार, आणि त्याचा बेदाणा कोण खाणार? त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने घेतला तर माल, नाहीतर खत.

बरं, खुडा कधी करायचा हेही तीच ठरवते. खायची द्राक्षं अठराच्या आसपास ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली की आम्ही कात्री हातात घेतो. वाइनला २२, २४ लागतात. वायनरीचा माणूस येतो, मणी चिरडतो, रस तपासतो, आणि म्हणतो, ‘ताई, अजून चार दिवस थांबा.’ कधी साखर कमी असते म्हणून थांबवतात, कधी टाकी रिकामी नसते म्हणून. आम्हाला कारण एकच सांगतात. थांबलं की साखर वाढते आणि वजन घटतं. साखर वायनरीची, वजन आमचं. जादा ब्रिक्सला जादा दर आमच्या करारात आहे, नाही असं नाही, पण घटलेलं वजन त्यातून भरून निघत नाही. हे मी वहीत मांडून पाहिलं आहे.

तरीसुद्धा तो तुकडा आम्ही मोडलेला नाही. वाइनच्या बागेला मणी फुगवण्यासाठी घड जीएच्या (संजीवकाच्या) द्रावणात बुडवावे लागत नाहीत, विरळणीला बायांची रांग लावावी लागत नाही, घडाला पेपर लावायचा नाही, मणी १८ मिलिमीटरचा झाला की नाही म्हणून रात्रीची झोप जात नाही. थॉमसनच्या एका एकराला जेवढं माणूसबळ लागतं त्याच्या निम्म्याहून कमीत हे काम होतं. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या हल्ली मिळणं किती अवघड झालं आहे ते आमच्या भागात कोणालाही विचारा. मे २०२५ मध्ये पाऊस लागला तो दिवाळी उलटली तरी हटेना. एप्रिल छाटणीनंतर काडीला ऊन मिळालं नाही म्हणून काडीच्या डोळ्यांत घडच तयार झाले नाहीत, आणि फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर जे निघाले ते जिरले. कित्येक बागांत नुसता पाला दिसत होता. वाइनच्या बागेलाही फटका बसला, पण तिच्यात पैसाच कमी ओतलेला असल्याने बुडालाही कमी. म्हणजे हे पीक टिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे पत्र.

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले. त्या लाटेत दर महिन्याला कोणीतरी नवी वायनरी काढत होतं. खायच्या द्राक्षाच्या भावाला कंटाळलेल्या लोकांनी बागा बदलल्या, आमच्या घरानेही. सासरे माळकरी. त्यांनी हो म्हटलं ते या अटीवर की घरात बाटली येणार नाही आणि निवृत्तीनाथांच्या यात्रेला खुडा निघाला तरी त्यांना अडवायचं नाही. दोन्ही अटी पाळल्या. मग २००८ आलं. जगात मंदी, मुंबईत हल्ला, हॉटेलं रिकामी, आणि वायनरींच्या टाक्या भरलेल्या. आम्ही ज्यांना माल देत होतो त्या वायनरीने (नाव लिहीत नाही, ती आता नाही) एका हंगामाचे पैसे पुढच्या हंगामापर्यंत अडकवले, पुढचे त्याच्याही पुढे. हेलपाटे घालून घालून एकदा त्यांच्या मॅनेजरने सांगितलं, रोख नाही, हवं तर पैशाच्या जागी पेट्या घेऊन जा. म्हणजे वाइनच्या पेट्या! विकायला परवाना नाही, ठेवायला जागा नाही, आणि घरात माळकरी. सासरे तेव्हा एवढंच म्हणाले, की त्यांना म्हणावं तुम्हीच प्या. शेवटी निम्म्याच्या आसपास रक्कम आली, उरलेली वहीत लाल शाईने आहे. त्या काळात कित्येकांनी वाइनच्या बागा मुळापासून काढल्या आणि पुन्हा थॉमसन लावली. आम्ही दुसरा खरेदीदार शोधला. तो आजवर पैसे देतो, उशिरा देतो, पण देतो.

उशिरा म्हणजे किती, हे मात्र कुठल्याच कागदावर नीट लिहिलेलं नाही.

इथे मला उसाची आठवण होते. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, कारखान्याच्या पट्ट्यातलं. उसालाही गिऱ्हाईक एकच, कारखाना. पण तिथे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज. साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचा आदेश) काढून कारखान्याच्या साखरेवर जप्ती आणू शकतात, थकबाकी असली तर गाळप परवाना अडवतात. तिथेही पैसे थकतात, तिथेही रस्त्यावर उतरावं लागतं, हे मला कोणी सांगायला नको. पण निदान कोणत्या दिवसापासून थकले हे तरी माझ्या भावाला सांगता येतं. खायच्या द्राक्षाचे व्यापारी पळून जायचे तेव्हा २०२० मध्ये विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीम काढली आणि पुष्कळांचे बुडीत पैसे निघाले. वाइनच्या द्राक्षाला ना आयुक्त, ना मुदत, ना व्याज. आमच्या हातात एक करार असतो, स्टॅम्पपेपरवर, तो इंग्रजीत. माझ्या मुलीने तो मला वाचून दाखवला. वायनरीने माल केव्हा नाकारावा याची त्यात सविस्तर कलमं आहेत. पैसे केव्हा द्यावेत याबद्दल ‘वाजवी मुदतीत’ एवढंच.

आता मुद्द्यावर येते. नवा कायदा वगैरे मी मागत नाही, तो होईपर्यंत शिराझची बाग म्हातारी होईल. सरकारच्या हातात आजच एक किल्ली आहे. वाइनवर राज्याचा २० टक्के व्हॅट आहे. राज्यातल्याच द्राक्षापासून वाइन करणाऱ्या वायनरीला त्यातले १६ टक्के शासन परत करतं. ही योजना २००९ पासूनची, मधे बंद पडली होती, जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू केली. म्हणजे शंभर रुपयांच्या वाइनवर वीस रुपये कर येतो आणि त्यातले सोळा परत जातात. हा लोकांच्या खिशातला पैसा आहे, आणि तो दिला जातो तो द्राक्ष उत्पादकांच्या नावाने. दर वेळी मंत्र्यांच्या भाषणात आमचा उल्लेख असतो. मग हा परतावा देताना एकच कागद जास्तीचा मागावा: मागच्या हंगामाच्या सगळ्या बागाईतदारांचे पैसे चुकते केल्याचा, बँकेच्या नोंदींसह. तो कागद नाही तर परतावा नाही. उसाच्या गाळप परवान्याला जे चालतं ते इथे का चालू नये?

वायनरीवाल्यांचं उत्तर मला माहीत आहे, कारण आमच्या मीटिंगमध्ये ते ऐकलं आहे. ‘शासनाकडूनच आमचा परतावा वर्षानुवर्षं अडकतो, त्यात तुमचे पैसे अडकतात.’ यात तथ्य आहे. योजना बंद होती त्या वर्षांत लहान वायनरींचे खरोखर हाल झाले. वाइन वर्ष-दोन वर्षं टाकीत, पिंपात पडून राहते, पैसा तोवर गोठलेला, बँक व्याज थांबवत नाही. म्हणून शासनानेही परतावा मुदतीत द्यावा, हेही मी इथेच लिहिते. पण वायनरीला बँक आहे, गुंतवणूकदार आहेत, टेस्टिंग रूमचा रोजचा गल्ला आहे. आम्ही कीटकनाशकाच्या दुकानदाराला काय सांगायचं? मंत्रालयात फाइल आहे म्हणून?

सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याच्या वादातही शेतकऱ्याचं नाव पुढे आणि हिशोब मागे, असंच झालं. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांवरच्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. सरकार म्हणालं शेतकऱ्याच्या हिताचा आहे, विरोधक म्हणाले मद्यराष्ट्र करायला निघाले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्हीकडून आमचं नाव घेतलं गेलं. पुढे तो निर्णय अमलात आलाच नाही. माझं मत विचाराल तर किराणा दुकानात बाटली नसलेलीच बरी, आमच्या गावात दारूने काय केलंय ते मी पाहिलं आहे; पण हे मत बाजूला ठेवलं तरी त्या महिनाभराच्या आरडाओरड्यात कोणी एकदाही विचारलं नाही, की बाटल्या जास्त खपल्या तर किलोचा दर वाढेल असं करारात कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नाही. साडेसातशे मिलीच्या बाटलीला साधारण किलोभर द्राक्ष लागतं. तिच्यावरची किंमत आणि आमच्या पावतीवरचा दर वाचकांनी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. मधला सगळा फरक नफा आहे असं मी म्हणत नाही, काच, बूच, कर, वितरक, जाहिरात सगळं त्यात आलं. पण पाहावा तरी.

आणि हे तातडीचं आहे, कारण बाहेरची वाइन स्वस्त होत चालली आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ च्या अखेरीस लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरची आयात ड्यूटी १५० टक्क्यांवरून १०० वर आली, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५, आणि दोन्ही दरवर्षी आणखी उतरणार आहेत. स्पर्धा आली की वायनरीला खर्च कमी करावा लागणार. बाटलीची काच ती स्वस्तात मिळवू शकणार नाही, बूच तर परदेशातूनच येतं. उरतं काय, ते सांगायला नको.

पत्र लांबलं, त्याबद्दल काटछाट करायला हरकत नाही, पण परताव्याचा परिच्छेद ठेवावा. शिवाय एक विनंती आपल्यालाच. येत्या सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधी, आपल्या वार्ताहराला दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या तालुक्यांत पाठवावं. कोणत्या जातीला काय दर ठरला, मागचे पैसे कोणत्या तारखेला मिळाले, एवढंच विचारावं आणि बाजारभावाच्या रकान्यात, कांद्याच्या खाली, छापावं. बागाईतदार नाव न घालता नक्की सांगतील. वायनरींनाही विचारावं, ज्या वेळेवर पैसे देतात त्यांना सांगायला आनंदच होईल, आणि अशा आहेत.

माझं नाव कृपया छापू नये. करार अजून संपलेला नाही, आणि आमचा दर इथे लिहिला असता तर पत्र कोणाचं ते फील्डमनला लगेच कळलं असतं.

– एक द्राक्ष उत्पादक, ता. दिंडोरी, जि. नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)